कलप सोडताना

केसांना कलप लावणं मी कंटाळून सोडलं नाही, आणि त्यामागे फार मोठा विचारही नव्हता. मला माझे काळेभोर केस आवडायचे. वर्षानुवर्षं एकच छटा लावत आले, कधी काही त्रास झाला नाही. पाळी मागेपुढे व्हायला लागली त्या सुमारास मात्र कलप लावल्यावर कानामागे खाज सुटायला लागली. पुढच्या वेळी कपाळाच्या कडेने पुरळ आलं. त्याच्या पुढच्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे नीट उघडेनात.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी सूज उतरवली आणि त्वचा पूर्ण शांत झाल्यावर पॅच टेस्ट केली. यात संशयित पदार्थ छोट्या चकत्यांमध्ये भरून पाठीवर चिकटवतात. ४८ तास पाठ भिजू द्यायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. मग चकत्या काढून बघतात आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा एकदा बघतात, कारण ही अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. माझ्या पाठीवर एकच जागा लाल होऊन फुगली होती. तिथे पीपीडी होतं, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमाईन. गडद, टिकाऊ कलपाचा रंग बहुतेक वेळा याच्याच जोरावर येतो. हे द्रव्य केसात शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होते आणि आतच रंगाचे मोठे रेणू तयार होतात, म्हणून तो रंग धुतला जात नाही.

इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच का, हे मी विचारलंच. त्या म्हणाल्या, शरीर एखाद्या पदार्थाविरुद्ध उठायला कधी कधी वर्षं घेतं, पण एकदा उठलं की ते सहसा विसरत नाही. पुढची प्रत्येक वेळ आधीपेक्षा जास्त त्रासाची होऊ शकते. विषय तिथेच संपला.

यानंतर ओळखीच्या बायकांनी प्रेमाने जे उपाय सुचवले, त्यांबद्दल नीट लिहायला हवं, कारण यातले काही धोक्याचे आहेत. ‘अमोनिया नसलेला घे.’ अमोनियाचं काम केसाचं बाहेरचं आवरण उघडण्याचं; तो नसला म्हणजे पीपीडी नाही असं मुळीच नाही. ‘हर्बल घे.’ वेष्टनावर पानाफुलांची चित्रं असली तरी मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. ‘काळी मेंदी लाव.’ शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस असतो, तो तिच्यातल्या लॉसोन या रंगद्रव्यामुळे येतो. मेंदीतून केस थेट काळे होत असतील तर त्यात आणखी काहीतरी घातलेलं असतं आणि ते अनेकदा पीपीडीच असतं. पीपीडीऐवजी टोल्युइन डायअमाईन वापरलेले कलपही मिळतात, पण पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच जणींना तेही सोसत नाहीत. भुवया रंगवण्याच्या रंगातही हेच पदार्थ असू शकतात, आणि तिथे तर डोळा अगदी शेजारी. डॉक्टरांनी मला एक कागद लिहून दिला. काही सुन्न करणारी मलमं, विशेषतः बेंझोकेन असलेली, या अ‍ॅलर्जीत त्रास देऊ शकतात, म्हणून तो कागद दातांच्या डॉक्टरांनाही दाखवायचा.

तर केस वाढवायचे ठरले. डोक्याचा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, यापेक्षा घाई करता येत नाही. म्हणजे खांद्यापर्यंतचे केस मुळापासून टोकापर्यंत नव्याने यायला दोन वर्षांहून जास्त लागणार. मध्ये जी दुरंगी रेघ दिसते, वर पांढरं आणि खाली काळं, तीच बायकांना मागे फिरवते. ती रेघ झाकण्यासाठी काळ्या भागात फिकट बटा काढून घेण्याची पद्धत आहे, पण नुकत्याच भडकून शांत झालेल्या त्वचेजवळ ब्लीच नेण्याची माझी तयारी नव्हती. मी टप्प्याटप्प्याने केस कापले. आधी मानेपर्यंत, मग हनुवटीच्या वर, शेवटी कानाजवळ. प्रत्येक कापणीत काळा भाग कमी होत गेला. भांग सरळ पाडायचं सोडून नागमोडी पाडायला लागले, त्यानेही रेघ पुष्कळ विरघळते.

नवे केस हातालाच वेगळे लागले. पिकल्यावर केसांचा पोत बऱ्याच जणींचा बदलतो, त्यात वय वाढतं तसं डोक्याच्या त्वचेचं तेलही कमी होतं, म्हणून ते कोरडे आणि हट्टी वाटतात. कंडिशनर आता चुकवायचा नसतो. दुसरी गोष्ट पिवळेपणाची. ऊन, धूर, क्षारांचं जड पाणी आणि केस सुकवायची तापलेली यंत्रं यांनी पांढऱ्या केसांवर पिवळट झाक येते. जांभळ्या रंगाचा शाम्पू अधूनमधून वापरला की ती मारली जाते, कारण जांभळा हा पिवळ्याचा विरोधी रंग. रोज वापरला तर केसांना जांभळी छटा चढते, म्हणून अधूनमधूनच.

केसांचं जमत आलं तेव्हा मला आरशात एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. चेहरा पुसट झाला होता. आजारी नाही, दमलेला नाही, पण त्याच्या रेषा मागे सरकल्यासारख्या. भेटणारे ‘बरं नाही का?’ म्हणायचे. आतापर्यंत काळ्या केसांनी चेहऱ्याला चौकट दिली होती, ती गेली होती. हे केवळ मनाचे खेळ नाहीत. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की वयाबरोबर भुवया, डोळे, ओठ आणि भोवतालची त्वचा यांच्यातला गडद-फिक्याचा फरक कमी होत जातो, आणि बघणाऱ्याला वयाचा अंदाज त्यावरूनही येतो. सुरकुत्या तर सगळ्यांनाच माहीत असतात. हा फरक कोणी सांगत नाही. मला मात्र इथून पुढचा रस्ता सापडला. सुरकुत्यांशी झगडत बसण्याऐवजी चेहऱ्याच्या रेषा परत आणायच्या.

सुरुवात भुवयांपासून. त्या पांढऱ्या आणि विरळ दोन्ही झाल्या होत्या. काळी पेन्सिल पांढऱ्या केसांखाली चिकटवल्यासारखी दिसते. करडी-तपकिरी, मऊ टोकाची पेन्सिल घेऊन केसांच्या दिशेने बारीक बारीक रेघा ओढल्या की भुवई पुन्हा उभी राहते. माझ्या मते या वयात एकच प्रसाधन परवडणार असेल तर ते भुवयांचं घ्यावं. मग ओठ. त्वचेच्या रंगाची फिकी लिपस्टिक मी वर्षानुवर्षं लावत होते, ती आता चेहऱ्यात बुडून जात होती. गडद गुलाबी आणि विटकरी लाल या दोन छटांनी काम केलं. पावडरपेक्षा क्रीमच्या रूपातली प्रसाधनं बरी, पावडर बारीक रेघांमध्ये जाऊन बसते. हे सगळं खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात करायचं, आणि जवळचं दिसत नसेल तर मोठं दाखवणारा आरसा घ्यायचा. चष्म्याची फ्रेमही मी बदलली. बिनकडांचा चष्मा गेला, गर्द निळ्या जाड कडांचा आला. चष्मा चोवीस तास चेहऱ्यावर असतो आणि त्याला साजशृंगारात कोणी धरत नाही, याचं मला नवल वाटतं.

त्वचेचं काम संथ आहे आणि त्यात धीरच लागतो. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं, आणि त्यानंतर दर वर्षी साधारण २ टक्के. इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरल्याचा हा परिणाम. तेल घटतं, ओलावा टिकत नाही, पूर्वी चालणारा फेसाळ साबण चेहरा ताणून टाकतो. मी सौम्य, फेस न येणारं क्लेन्झर आणि ओलसर चेहऱ्यावरच लावायचं साधं, सुवास नसलेलं मॉइश्चरायझर एवढ्यावर आले. अ‍ॅलर्जी पूर्ण निवल्यावर डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं मलम सुरू केलं, तेही ०.०२५ टक्क्यांचं, आठवड्यातून दोन रात्री, मटाराच्या दाण्याएवढं. सुरुवातीला त्वचा सोलवटते आणि चुरचुरते, तेव्हा मध्ये रात्री सोडायच्या, वर मॉइश्चरायझर वाढवायचं, पण एकदम बंद करायचं नाही. फरक आठवड्यांत नाही, महिन्यांत दिसतो. गरोदरपणात मात्र हे औषध चालत नाही, आणि पाळी पूर्ण थांबलेली नसेल तर हा प्रश्न अजून मिटलेला नसतो.

सनस्क्रीनबद्दल मी आग्रही आहे. ऑस्ट्रेलियात ९०३ लोकांवर झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटाची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा साडेचार वर्षांत २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. आणि ही सगळी ५५ च्या आतली मध्यमवयीन, तरुण माणसं. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन नीट लावलं तर यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांतले सुमारे ९७ टक्के अडतात, पण ‘नीट’ म्हणजे दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मानेला मिळून. बोटाच्या टोकाएवढं लावून तो आकडा मिळत नाही. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर वांग हा सुरकुत्यांपेक्षा मोठा त्रास असतो आणि त्याला दिसणारा प्रकाशही खतपाणी घालतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. वांगावर ‘गोरं करणारी’ मलमं स्वतःच्या मनाने लावू नयेत. त्यांत स्टिरॉइड असलं तर काही दिवस चेहरा उजळतो, मग पातळ, लाल होतो, त्यावर केस उगवतात, आणि मलम सोडलं की आग उठते. मान, हातांचे पंजे आणि विरळ झालेला भांग, या जागा विसरायच्या नाहीत.

कपड्यांकडे मी सगळ्यात शेवटी वळले, आणि तिथेच सगळ्यात जास्त रमले. कपाटात बदामी, मातकट, मेंदी रंगांची गर्दी होती. काळ्या केसांखाली ते रंग सौम्य दिसायचे. रुपेरी केसांखाली केस, चेहरा आणि कपडा एकाच राखेत कालवल्यासारखे. रंग शेजारच्या रंगाने बदलतो हे मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली मांडलं. पॅरिसमधल्या गोबलँ या भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाऱ्यांचा काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. त्याने शोधलं तर काळा ठीकच होता, त्याच्या शेजारी विणलेला रंग त्याला मारत होता. माझ्या बाबतीत चेहराही ठीकच होता.

मी एका दुपारी खिडकीपाशी बसून कपाटातला एकेक कपडा हनुवटीखाली धरला. बघायचं कपड्याकडे नाही, चेहऱ्याकडे. डोळ्यांखालचं काळं वाढलं का, ओठ गेले का, हनुवटीची रेघ स्पष्ट झाली का. मोरपंखी, गर्द जांभळा, माणकाचा लाल आणि शाईचा निळा यांनी चेहरा पुढे आणला. शुभ्र पांढरा चालला, पिवळट पांढरा नाही. मला न मानवणारे पण आवडते कपडे मी फेकले नाहीत. ते कमरेखाली घालते आणि गळ्याशी मानवणारा रंग ठेवते.

मापाचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. पाळी थांबताना चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, वजन तेच राहिलं तरी. पाठ वरच्या बाजूला किंचित गोल होते, खांदे पुढे येतात. मग कपडा मागून वर उचलला जातो, गळा मागे ओढला जातो आणि आपण दिवसभर तो पुढे खेचत राहतो. उपाय मोठ्या मापाचा कपडा घेण्यात नाही, त्याने खांदे आणखी घसरतात. खांद्याची शिवण थोडी पुढे घ्यायची, मागची उंची जरा वाढवायची, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, फार खाली उतरू द्यायचा नाही. मुंढा वर आणि नेटका असला की हात मोकळे हलतात आणि शरीराला आकार येतो. चांगल्या शिंप्याला नेमके हेच तीन शब्द सांगितले की तो खूष होतो. आतले कपडेही नव्याने मोजून घ्यावेत. ब्रेसियरचा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर नाही, पाठीमागच्या पट्टीवर पेलला पाहिजे. नवी असताना ती सगळ्यात सैल हुकावर बसायला हवी, म्हणजे ढिली झाल्यावर आवळायला जागा राहते. आणि अंगातून अचानक गरमी उसळते त्या काळात एक जाड कपडा नको, दोन पातळ सुती थर हवेत, वरचा चारचौघांत सहज काढता येईल असा.

‘आता या वयात एवढं कशाला?’ हे मी ऐकलं, आणि ‘केस पांढरे ठेवलेस म्हणजे सोडूनच दिलंस की’ हेही ऐकलं. दोन्ही बोलणाऱ्यांना मी एवढंच सांगते की कलपाच्या दिवसांपेक्षा आज मी स्वतःकडे जास्त वेळ देते आणि तो मला आनंदाचा वाटतो.

माझी धाकटी बहीण अजून कलप लावते आणि तिला तो शोभतो. तिने तो सोडावा असं माझं म्हणणं नाही. फक्त प्रत्येक वेळी, डबी तीच असली तरी, तिने ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघावं, आणि खाज आली तर तो कलप धुऊन टाकून सरळ डॉक्टरांकडे जावं, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. आपल्या रक्तातल्या माणसाला अशी अ‍ॅलर्जी आहे, हे तिने पार्लरमध्येही सांगायला सुरुवात केली आहे.