उंदरांसाठी सापळे लावले, पण खरं काम फटी बुजवण्याने झालं

ओट्याखालच्या खणात तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार काळ्या लेंड्या दिसल्या आणि उंदीर लहान जातीचा आहे हे कळलं. घुशीच्या लेंड्या बऱ्याच मोठ्या असतात. हा फरक कामाचा निघाला. घूस नव्या वस्तूजवळ लवकर फिरकत नाही, हा मात्र चौकस. सापळा ठेवला की त्याच रात्री येऊन हुंगतो.

विष नको, हे आधीच ठरवलं. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. कुठेतरी भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो आणि मग वास घरभर. शिवाय तो मांजराने खाल्ला तर तिलाही बाधतं. चिकट फळ्यांवर जनावर तासन्‌तास तडफडतं, तेही नको. आवाजाने उंदीर पळवणारं यंत्र एका नातेवाइकाने हौसेने दिलं होतं. त्याच्या शेजारीच ताज्या लेंड्या सापडल्या, एवढंच सांगते.

स्प्रिंगचे साधे सापळे आणले. ते भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवायचे, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेनेच पळतो. तो एका जागी पोटभर खात नाही, चार ठिकाणी कुरतडतो, म्हणून एकावर न थांबता बरेच सापळे लावले. आमिष पीनट बटरचं, तेही नखभरच. जास्त लावलं की वरच्यावर चाटून पसार.

उंदीर सापडत होते, पण संपत नव्हते. मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं देते. वाट उघडी असली तर ही मोजणी कधीच थांबणार नाही. रात्री फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरली. सकाळी पावलांचे ठसे थेट सिंकच्या पाइपापाशी! पाइपाभोवती जेमतेम बोटभर फट. लहान उंदराला 6 मिलिमीटरही पुरतात. तिथे आधी स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा गुंता ठासला, वरून सिमेंट. नुसता फोम तो कुरतडून टाकतो.

मग साफसफाई. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धुळीतून रोग पसरतात. हातमोजे घालून त्यांवर पातळ ब्लीच शिंपडलं, थोडा वेळ भिजू दिलं आणि कागदाने टिपून घेतलं. सापळे त्यानंतरही काही आठवडे तसेच ठेवले होते. आमिष वाळून गेलं, तरी कुणी शिवलं नाही. मागच्या दाराखाली रबरी पट्टी लावायची तेवढी राहिली आहे.