जुन्या कोरोलाचा एअरफ्लो सेन्सर: आधी निदान, मग खर्च

आमची टोयोटा कोरोला २००७ सालची, १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर ठाणे आरटीओत फेरनोंदणी करून आणि पर्यावरण कर भरून ती आणखी पाच वर्षांसाठी रस्त्यावर ठेवली असल्यामुळे, तिच्यावरचा कोणताही मोठा खर्च मी तपासून घेतल्याशिवाय करत नाही. पावसाळा संपता संपता घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढावर पिकअप कमी पडू लागला, माजिवड्याच्या सिग्नलला आयडलिंग खालीवर होऊ लागले, अ‍ॅव्हरेज घसरले आणि शेवटी चेक इंजिनचा दिवा लागला. एका मोठ्या वर्कशॉपने स्कॅनर लावून पी०१०१ आणि पी०१७१ हे बिघाडाचे कोड दाखवले आणि एअरफ्लो सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, बदलण्यासाठी पंधरा हजारांच्या वरचे अंदाजपत्रक हातात ठेवले.

पी०१७१ चा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. ते सेन्सरमुळे, फाटक्या पाइपमधून शिरणाऱ्या हवेमुळे की कमजोर पंपामुळे, हे तो कोड सांगत नाही. पी०१०१ मात्र थेट सेन्सरच्या मोजमापाविषयी शंका घेतो; तरीही सेन्सर आणि इंजिन यांच्यामधला पाइप गळत असेल, तर निर्दोष सेन्सरवरही हाच कोड येऊ शकतो. म्हणून वागळे इस्टेटमधल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यांकडे गाडी नेली. ते म्हणाले, “साहेब, आधी कुठून जास्तीची हवा खेचतेय का बघू, मग सेन्सरला दोष देऊ.”

सेन्सर एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी बसवलेला असतो. त्यातली बारीक तार वीज देऊन, आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवली जाते. हवा जितकी जास्त, तितकी तार थंड पडते आणि तिचे तापमान टिकवायला तितकी जास्त वीज लागते. त्यावरून इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवेचे वजन काढून पेट्रोल ठरवतो. तारेवर धूळ बसली, की ती हवा कमी मोजते, पेट्रोल कमी सुटते, आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरला ते कळल्यावर इसीयू आपल्या हिशेबात वरून पेट्रोल वाढवतो. या वाढीला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि निदानाची खरी किल्ली तीच आहे.

डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर लावून मी मोबाइलवर आकडे पाहिले. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे इसीयूने कायम धरून ठेवलेली वाढ, आयडलला अधिक ९ टक्के होता आणि २,५०० आरपीएमला अधिक २० च्या आसपास गेला. हवा बाहेरून शिरत असती, तर चित्र उलटे दिसले असते: आयडलला ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर कमी, कारण एकूण हवा वाढली की गळतीचा वाटा नगण्य होतो. शिवाय गरम इंजिनाला आयडलवर इंजिनाच्या क्षमतेच्या दर लिटरमागे सेकंदाला साधारण १ ग्रॅम किंवा थोडी जास्त हवा लागते. आमचा सेन्सर त्यापेक्षा कमीच दाखवत होता. तरीही गॅरेजवाल्यांनी घड्यांचा रबरी पाइप ताणून भेगा पाहिल्या, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटभोवती स्प्रे मारून आरपीएम हलतो का ते तपासले आणि पेट्रोलचे प्रेशरही मोजले, कारण पंप कमजोर असला तरी रेस दिल्यावर ट्रिम असाच चढतो. सगळे ठीक निघाले. सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढून मल्टिमीटरने १२ व्होल्ट आणि अर्थ तपासले. वायरिंगही शाबूत होते. कपलर काढलेल्या स्थितीत गाडी चालू केली, तर इसीयू ठरावीक आकड्यांवर गेला आणि इंजिन आधीपेक्षा सरळ चालले.

दोन स्क्रू काढून सेन्सर बाहेर घेतला. मोबाइलच्या टॉर्चखाली आतल्या तारेवर राखाडी केसाळ थर स्पष्ट दिसत होता. तो खास एअरफ्लो सेन्सरसाठी मिळणाऱ्या क्लीनरनेच, बोट किंवा कापूस न लावता धुतला आणि पूर्ण वाळू दिला. कार्ब्युरेटर क्लीनर येथे वापरू नये. धुतल्यावर आकडे सुधारले, पण थोड्याच दिवसांत पुन्हा घसरले. म्हणजे सेन्सर थकलाच होता.

आता प्रश्न पैशांचा होता. हजार रुपयांच्या आतले बिननावाचे नवे सेन्सर बाजारात मिळतात, परंतु त्यांच्या मोजमापाचा भरवसा नसतो, आणि चकचकीत डब्यातले नकली डेन्सोही (टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या नावाचे) सर्रास विकले जातात. माझ्या मते त्यापेक्षा जुन्या गाडीतून उतरवलेला अस्सल डेन्सो बरा. तो मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून २,२०० रुपयांना घेतला. घेताना आपल्या सेन्सरवरचा पूर्ण पार्ट नंबर ताडून पाहिला, पाचही पिना गंजविरहित असल्याची खात्री केली आणि चालला नाही तर परत घेण्याची बोली बिलावर लिहून घेतली. दुकानदाराने थोडी कुरकुर केली, पण लिहून दिले.

नवी ओ-रिंग घालून सेन्सर बसवला, एअर फिल्टर बदलला आणि जुना हिशेब पुसला जावा म्हणून स्कॅनरने कोड व ट्रिम दोन्ही काढून टाकले. आयडलला आता २.१ ग्रॅम दिसते, ट्रिम आयडलला आणि रेस दिल्यावरही अधिक ३ टक्क्यांच्या आत राहतो, आणि गायमुखचा चढ गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये काढते. क्लीनर, फिल्टर, अडॅप्टर आणि गॅरेजची मजुरी धरूनही एकूण खर्च पाच हजारांच्या आत बसला.