वर्ष सप्टेंबरपासून उलटं मोजायचं

आपल्या बेळगाव भागात धावण्याचा हंगाम म्हणजे दसरा झाला, हवा गार झाली की सुरू होणाऱ्या रोड रेस. आज निपाणी, पुढच्या रविवारी खानापूर, मग कोल्हापूर, मध्येच गोवा. टी-शर्ट, मेडल, पोहे, आणि सोमवारी पुन्हा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सराव. इकडे बेल्जियममध्ये हंगाम जवळून बघितला की पहिला फरक जाणवतो तो असा, की वर्षातली मोठी तारीख आधी धरतात आणि तिथून मागे मोजत येतात. बाकीच्या शर्यती त्या तारखेच्या चाकरीला.

त्या हिशेबानं भारतीय खेळाडूंसाठी २०२६ हे अवघड साल. राष्ट्रकुल स्पर्धा ग्लासगोला २३ जुलै ते २ ऑगस्ट, आणि एशियन गेम्स जपानमध्ये आइची-नागोयाला १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. मध्ये जेमतेम सात आठवडे. तब्येतीची धार दोनदा लावायची, तीही इतक्या जवळ, हे सगळ्यांना साधत नाही. शहाणा कोच दोन्हीपैकी एकच स्पर्धा खरी धरतो आणि दुसरीला 'जमलं तर जमलं' म्हणतो.

आपल्याकडची पोरं लांब पल्ल्याची, म्हणून ५,००० मीटरचं उदाहरण घेऊ. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेसाठी पुरुषांची पात्रता वेळ होती १३:०१.००. म्हणजे ४०० मीटरचा लॅप साडेबासष्ट सेकंदांत, असे साडेबारा लॅप. भरतीसाठी १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसवणारा पोरगा लॅपला ८२-८३ सेकंद घेतो आणि चार लॅपनंतर थांबतो. भारताचा लांब पल्ल्याचा धावपटू गुलवीर सिंग यानं फेब्रुवारी २०२५ मध्ये बोस्टनला इनडोअर ट्रॅकवर १२:५९.७७ काढून ही वेळ गाठली. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियात १०,००० मीटरला त्यानं २७:००.२२ काढले. तिथली पात्रता वेळ होती २७:००.००, म्हणजे बावीस शतांश सेकंद कमी पडले.

अशा वेळी कामाला येतं जागतिक रँकिंग. जागतिक स्पर्धेतल्या साधारण निम्म्या जागा पात्रता वेळेवर भरतात, उरलेल्या रँकिंगवर, आणि एका देशाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू. रँकिंगमध्ये टायमिंगचे गुण वेगळे आणि स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे मिळालेल्या क्रमांकाचे गुण वेगळे. बहुतेक प्रकारांत सर्वोत्तम पाच निकालांची सरासरी धरतात, लांब पल्ल्याला त्याहून कमी निकाल चालतात. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतल्या सुवर्णाला क्रमांकाचे गुण भरघोस मिळतात. म्हणून मे महिन्यात युरोपातली फास्ट रेस सोडून या स्पर्धेसाठी दक्षिण कोरियातल्या गुमीला जाणं २०२५ मध्ये आपल्या खेळाडूंना परवडलं. उलट अंतर प्रमाणित नसलेल्या आपल्या गावच्या रोड रेसमधली टायमिंग घड्याळात कितीही सुंदर दिसली तरी रँकिंगमध्ये तिला काही किंमत नाही.

युरोपात फास्ट रेस मिळवायची तर डायमंड लीगकडेच, म्हणजे बड्या खेळाडूंच्या एकदिवसीय स्पर्धांच्या (मीटच्या) मालिकेकडेच, बघायला नको. तिथं लेन कुणाला द्यायची ते मीट डायरेक्टर ठरवतो आणि नव्या माणसाला तो उभं करत नाही. बेल्जियममध्ये ह्योस्डन-झोल्डर, ऑर्डेगेम अशा छोट्या गावांत उन्हाळ्यात संध्याकाळी मीट होतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी त्याच खऱ्या. एकाच अंतराच्या तीन-चार शर्यती टायमिंगप्रमाणे लावतात, पुढं राहून गती धरून देणारा पेसमेकर असतो. मोठ्या मीटना आतल्या कडेला दर मीटरला एक असे दिवे पळतात, ठरलेल्या गतीनं. पेसमेकर साधारण ३,००० मीटरला बाजूला होतो आणि तिथूनच रेस बिघडते: पुढं जायला कुणी तयार नसतो, लॅप ६२ वरून ६५ वर घसरतो. त्या घसरत्या लॅपमध्ये पुढं होणारा धावपटू टायमिंग घेऊन घरी जातो, पदक मिळो न मिळो.

आता व्हिसा. सगळ्यात जास्त हंगाम इथंच वाया जातात, दुखापतीपेक्षाही. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही धरतात. २०२६ ची डायमंड लीग फायनल ब्रसेल्सला ४ आणि ५ सप्टेंबरला आहे. तिथपर्यंत सलग थांबायचं तर ८ जूनच्या आधी युरोपात पाऊल टाकता येत नाही. आणि ५ सप्टेंबरपासून मागं १८० दिवस मोजले की १० मार्च येतो. म्हणजे मार्चमध्ये पोलंडच्या टोरुनला जागतिक इनडोअर स्पर्धेसाठी (२० ते २२ मार्च) आठवडाभर राहिलात, तर ते सात दिवस उन्हाळ्यातून वजा. ग्लासगो शेंगेनमध्ये नाही. तिथले दिवस या नव्वदात धरत नाहीत, पण ब्रिटनची परवानगी वेगळी लागते आणि परत युरोपात शिरायला शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. सिंगल एंट्रीवर ग्लासगोला गेलेला धावपटू उरलेला हंगाम टीव्हीवर बघतो.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत, पण ४५ दिवसही लागू शकतात. विमा ३०,००० युरोचा. पाच देशांत धावायचं असेल तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथं आधी उतरणार त्याच्याकडे. 'अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो' या ऐकीव गोष्टीवर बेंगळुरूच्या चकरा मारू नयेत.

म्हणूनच उंचीवरचा सराव (विरळ हवेत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून करतात तो) कुठं करायचा हा प्रश्न निव्वळ फुफ्फुसांचा नाही, दिवसांचाही आहे. स्वित्झर्लंडचं सेंट मॉरिट्झ (१,८०० मीटर) किंवा फ्रान्सचं फाँ-रोमू (१,८५० मीटर) नामी, पण तिथले तीन-चार आठवडे नव्वदातून जातात. केनियातलं इटेन २,४०० मीटरवर, आपलं ऊटी सव्वादोन हजारांच्या आसपास. तिथं शेंगेनचा एकही दिवस खर्च होत नाही. बेळगाव ७५० मीटरवर. हवा थंड आहे म्हणून उंचीचा फायदा मिळतो, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. राजहंसगडाच्या चढाला पाय तयार होतात, रक्त नाही.

उंचीवर जाण्याच्या महिनाभर आधी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्यावी. लोह कमी असेल तर शरीर नव्या तांबड्या पेशी कशातून करणार? पहिला आठवडा फक्त सावकाश धावायचं. खालच्या गतीनंच वर इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगात धावायचे तुकडे) मारायला जाणं ही नेहमीची चूक: दोन सेशन जमतात, तिसऱ्याला पोरगा कोसळतो आणि पुढचे दहा दिवस झोप लागत नाही. खाली आल्यावर शेवटचे दोन आठवडे किलोमीटर निम्म्यावर आणायचे, वेग मात्र सोडायचा नाही.

जाता जाता बेल्जियममधल्याच अँटवर्पचं सांगतो. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले इथं मॅरेथॉन धावले. तेव्हाचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, त्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावा क्रमांक काढला. ते स्टेडियम अजून आहे, पण आता तिथं फुटबॉल चालतो.

बुटांचं प्रकरण रोड रेसवाल्यांना हमखास नडतं. रस्त्यावर ४० मिलिमीटर जाडीचा तळ चालतो, ट्रॅकवर नोव्हेंबर २०२४ पासून धावण्याच्या सगळ्या प्रकारांना मर्यादा २० मिलिमीटर. तुमचे कार्बन प्लेटवाले महागडे बूट घालून ट्रॅकवर उतरलात तर टायमिंग गेलं. स्पाईक्सचे खिळे एका बुटाला ११ पर्यंत. बूट नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा, खिळे आणि किल्ली चेक-इनमध्ये. मोठ्या स्पर्धेत कॉल रूममध्ये (शर्यतीआधी धावपटूंना जमवतात ती खोली) हे सगळं तपासतात, मोबाईल-इअरफोन काढून घेतात आणि मग बसवून ठेवतात. वॉर्मअप त्या बसण्याचा हिशेब धरूनच संपवायचा, आणि जूनमध्येसुद्धा स्टॉकहोम-ऑस्लोला संध्याकाळी गारठा असतो म्हणून पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट अंगावरच.

औषधांबद्दल मात्र घरच्यांनीही वाचावं. आपल्या मेडिकलमध्ये खोकल्याचं सिरप सहज मिळतं, त्यातल्या अनेकांत टर्ब्युटालिन असतं आणि ते खेळाडूंना कायम बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. आई काळजीनं दोन चमचे देते, नमुना पॉझिटिव्ह येतो. वैद्याची पुडी, जिममधला पावडरचा डबा, यांत काय आहे ते लेबलवरूनही कळत नाही. डोपिंग चाचणीच्या यादीत नाव आलं की रोज एक तास ठरवून कळवावा लागतो, पहाटे पाच ते रात्री अकराच्या दरम्यान, की या वेळी मी अमुक पत्त्यावर सापडेन. भावाच्या लग्नाला हुक्केरीला गेलात आणि ॲपवर पत्ता बदलला नाही, तपासनीस घरी येऊन गेला, तर एक चूक नोंदली. बारा महिन्यांत अशा तीन झाल्या की बंदी, शरीरात काही सापडलं नसलं तरी. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो. लघवी पातळ असेल तर पुन्हा द्यावी लागते, तेव्हा शर्यतीनंतर पाणी ढोसत बसू नये.

आणि सीमाभागातली खास अडचण: नाव. शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचं, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं, पासपोर्टवर तिसरंच, आणि वडिलांचं नाव कुठं मध्ये तर कुठं शेवटी. जिल्हा पातळीवर चालून जातं. बाहेर निकालपत्रकात एक स्पेलिंग आणि प्रवेशयादीत दुसरं आलं की एकाच धावपटूचे निकाल दोन नावांवर विखुरतात. पोरगं सोळा-सतराचं असतानाच पासपोर्ट काढा, आणि पहिल्या राज्य स्पर्धेच्या फॉर्मपासून त्यातलंच स्पेलिंग लिहा.