आमची वाटचाल : एक मिलिमीटर पितळ

घोडपदेवच्या आमच्या कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक चमचा एक मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याचाच असतो, आणि तो तसाच राहावा या हट्टापायी आम्ही एकदा कारखाना विकायच्या काठावर जाऊन आलो आहोत. चालत्या होडीमागून गळ ओढणाऱ्यांना चमचा म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की चमचा म्हणजे पाण्यात डुलून माशाला भुलवणारे धातूचे आमिष, आणि आमच्या कामाला ट्रोलिंग म्हणतात आणि तळ खरवडत नेणाऱ्या जाळ्याच्या कामाला ट्रॉलिंग म्हणतात. एका कार्यालयात या एका मात्रेच्या फरकापायी आमचा अर्ज चार महिने पडून राहिला, कारण तिथल्या साहेबांना आम्ही पितळी चमच्याच्या नावाखाली ट्रॉलर चालवतो आहोत अशी शंका आली होती.

वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढचे सर्वांना ठाऊक आहे. दोन वर्षे इकडेतिकडे रोजंदारी केल्यावर त्यांनी दारूखान्याच्या भंगार बाजारातून भंगाराच्या भावात एक फ्लायप्रेस (पत्रा कापायचे हातयंत्र) आणला आणि वॉशर पाडायला सुरुवात केली. वॉशरवर घर चालत नव्हते. अशात एके दिवशी भाऊच्या धक्क्यावरचे एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, हातात घासून गुळगुळीत झालेला परदेशी चमचा घेऊन आले आणि म्हणाले, "असाच पाडून दे. पण पाण्यात नाचला पाहिजे, नुसता चमकून उपयोग नाही." वडिलांनी सहा पाडले. सहाही गरगर फिरले आणि दोराला पीळ पडला. तांडेलांनी ते परत आणून दिले, दुसरे सहा नेले, तेही परत आणले. असे पावसाळा लागेपर्यंत चालले होते. अखेर वडिलांनी त्यांना विचारले, की तुम्हाला एवढी चिकाटी असेल तर चार आणे हिस्सा का घेत नाही? कागदपत्र काहीही झाले नाही. तांडेलमामांचा हिस्सा आजही त्यांच्या घरी दर दिवाळीला पोहोचतो.

प्रेसविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हल्ली तो पाहायला येणारे त्याचा फोटो काढतात आणि चमचा मात्र हातात घेत नाहीत. डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, वडिलांनी कानशीने हाताने उतरवली आहे. प्रेसचा दांडा फिरवला की पत्र्यातून लांबट पानासारखा तुकडा खाली पडतो, पण तो चमचा नसतो, तो केवळ तुकडा असतो. चिंचेच्या लाकडाच्या ठोकळ्यात एक खळगा कोरलेला आहे. त्यात तो तुकडा ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने शेपटीकडे सात आणि डोक्याकडे चार ठोके द्यायचे. शेपटीचा खोलवा जास्त असला पाहिजे. दोन्ही टोके सारखी वाकवली, की चमचा डुलण्याऐवजी फिरतो. मग भोके, मग कडांवरची बर (धारदार कंगोरे) कानशीने काढणे, आणि शेवटी निम्म्या मालाला निकेलचा मुलामा. बंदराच्या गढूळ पाण्यात उघडे पितळ चालते आणि खांदेरी बेटाच्या पलीकडच्या निवळ पाण्यात निकेल, असे माझे मत आहे. तांडेलमामांचे मत याच्या बरोबर उलट होते आणि मासे त्यांनाच जास्त लागत, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणजे बावाजी. व्यापारी जहाजांवर मरीन इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेले हे पारशी गृहस्थ निवृत्तीनंतर दर शनिवारी येत, स्टुलावर बसत, दोन चमचे घेत आणि चारचे पैसे ठेवून जात. त्यांचे जहाज पूर्वी कॅनडातल्या व्हँकुव्हरला लागत असे आणि तिथून ते सामन माशाच्या ट्रोलिंगचे वेड घेऊन आले होते. कॅम्पबेल रिव्हर नावाच्या गावात १९२४ पासून एक क्लब आहे, तिथे इंजिन न लावता वल्ह्यांच्या होडीतून ओढ द्यायची आणि तीस पौंडांहून मोठा चिनूक सामन गळाला लागला तरच सभासदत्व मिळते, हे ते आम्हाला इतक्यांदा सांगत, की आमच्या प्रेसवरच्या पोरांनाही ते पाठ झाले होते. त्या गावाच्या वर सीमोर नॅरोज नावाची चिंचोळी खाडी आहे. तिथे भरती-ओहोटीचे पाणी पंधरा नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) धावते आणि जहाजे फोडणारा तिच्यातला खडक १९५८ साली सुरुंग लावून उडवावा लागला. "डिकरा, तिथे मासा शोधायचा नसतो, पाणी शोधायचे असते," असे ते म्हणत. धावत्या पाण्याच्या कडेला, भूशिराच्या आडोशाला जिथे भोवरा धरतो, तिथे लहान मासळी गोळा होते आणि सामन तिच्या मागे येतो.

त्यांनी तिथून एक फ्लॅशर आणला होता. हाताच्या वितीपेक्षा लांब, चपटी, चकाकणारी ही पट्टी आमिषाच्या पुढे बांधतात. ती योग्य वेगात पूर्ण गोल फिरते आणि मागच्या आमिषाला झटके देते. वेग कमी पडला तर ती नुसती मान हलवते. आमच्या कारखान्यात तिला पहिल्या दिवसापासून 'तवा' हे नाव पडले. तव्याची आमची पितळी नक्कल फारशी खपली नाही, पण त्या निमित्ताने आम्हाला एक गोष्ट उमगली, जिच्यावर पुढे कारखाना तगला. आमिषाला जमिनीवरचा वेग कळत नाही, त्याला फक्त पाण्यातला वेग कळतो.

(आपल्या रावसाला हॉटेलवाले 'इंडियन सामन' म्हणतात, त्याचा आणि सामनाचा काहीही संबंध नाही. प्रशांत महासागरातला सामन नदीत अंडी घालून मरतो. आपला रावस नर म्हणून मोठा होतो आणि पुढे मादी बनतो. बावाजी यावर पुष्कळ विनोद करत, ते इथे छापण्याजोगे नाहीत.)

पुढची काही वर्षे धंदा बरा चालला, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी समुद्रमार्गे मुंबई गाठली आणि त्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. ओळखपत्रे, तपासण्या, नोंदी हे सारे आवश्यकच होते, त्याविषयी तक्रार नाही. परंतु पहाटे चार हौशी माणसांना घेऊन प्राँग्जच्या दीपगृहापलीकडे जाणाऱ्या होड्या थांबल्या, आणि हौशी माणूस थांबला की आमचा चमचा थांबतो. याच काळात आमच्याच प्रेसवर ज्याचा हात बसला, ज्याला वडिलांनी ठोके मोजायला शिकवले, अशा एका माणसाने वेगळी चूल मांडली. त्याचे नाव घेत नाही. वेगळी चूल मांडण्यात गुन्हा नाही. परंतु त्याने डायचा नमुना नेला, पत्रा ०.७ मिलिमीटरवर आणला, खोलवा ठोकण्याऐवजी दोन्ही टोके एकाच दाबात वाकवली आणि किंमत आमच्या निम्म्यावर ठेवली. शिवाय चमच्याच्या पोटावर आमच्यासारखीच माशाची खूण मारली. पाकिटावर छापले : 'वेग ३ नॉट, मासा हमखास'. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, ऐन हंगामाच्या सुरुवातीला लोकांनी मासळी घेणे सोडले, आणि दुकानदारांनी आमचा उरलासुरला माल परत पाठवला. त्या परत आलेल्या मालात निम्मे चमचे त्याचे होते. खूण सारखी असल्यामुळे त्याच्या चमच्यांची बदनामी आमच्या खात्यावर जमा झाली होती. दोन कारागिरांना मी स्वतः दुसरीकडे कामाला लावून दिले. प्रेसचा सौदाही ठरला होता, आणि तोही दारूखान्यातच, जिथून तो आला होता.

सौद्याच्या आदल्या रविवारी बावाजींनी पुढाकार घेऊन चार दुकानदार आणि तांडेलमामा यांना दोन्ही चमचे पाण्यात ताडून पाहायला एका होडीत बसवले. दशमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे साडेसातला भरती. दहाच्या सुमारास ओहोटी ऐन जोरात होती आणि प्राँग्जच्या बाहेर पाणी दोन नॉटने समुद्राकडे चालले होते. तांडेलमामांनी होडी पाण्याबरोबर लावली आणि पाकिटावर छापल्याप्रमाणे जीपीएसवर (तो जमिनीवरचा वेग दाखवतो) बरोबर तीन नॉट ठेवले. पाण्यातला वेग उरला एक. वेगळी चूल मांडणाऱ्याचा ०.७ चा चमचा मेलेल्या पानासारखा लोंबला, आणि आमचाही लोंबला, हे लपवत नाही. मग होडी उलटी वळवली, पुन्हा तीन नॉट. आता पाण्यातला वेग पाच. त्याचा चमचा भिंगरीसारखा फिरला आणि दोराचे गुंतवळ झाले. आमचाही थोडा भरकटला. तेव्हा मामांनी जीपीएसवर हात ठेवून तो झाकला, दोर तर्जनीवर घेतला आणि इंजिन हळूहळू कमी करत गेले. दोराची धडधड एका तालात आली तिथे ते थांबले आणि त्यांनी हात काढला. आकडा होता एक. पाण्याविरुद्ध एक, पाण्याबरोबर पाच, दोन्ही वेळा पाण्यात तीन. त्या तालावर आमचा चमचा डुलत राहिला आणि ०.७ चा तरीही गरगरतच होता. अर्ध्या तासाने एक रावस लागला, सव्वादोन किलोचा. दुकानदारांना तो पुरावा वाटला. मला विचाराल तर पुरावा दोराच्या धडधडीत होता, मासा योगायोगाने आला.

प्रेस विकला नाही.

आता विषय निघालाच आहे तर नव्याने ट्रोलिंग करणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो, रागावू नये. उधाणात (पुनव-अवसेच्या सुमारास) मुंबईचे पाणी साडेतीन मीटरहून अधिक चढते-उतरते आणि भांगात (अष्टमीच्या सुमारास) जेमतेम दीड मीटर, तेव्हा दोन्ही दिवशी दोराला एकाच वजनाचे शिसे लावून जाणारा माणूस एका दिवशी निश्चित चुकतो. शिशाचा गोळा तारेवर सोडताना तार किती कलली आहे ते पाहावे. दहा मीटर सोडली आणि पंचेचाळीस अंश कलली, तर गोळा सातच मीटरवर असतो, तार मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा काहीही सांगो. पाणी चढायचे थांबले म्हणजे वाहायचेही थांबले असे समजू नये. पाऊणपटीच्या हिशेबावर बोट सोडू नये, छापील तक्ता जवळ ठेवावा, कारण त्या हिशेबात अर्धा-पाऊण तास सहज इकडेतिकडे होतो. आणि घरी शिसे ओतणार असाल तर साचा आधी तापवून कोरडा करा. त्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी वितळलेले शिसे उसळून तोंडावर येते. माझ्या डाव्या भुवईवरचा डाग त्याचाच आहे.

बावाजी गेले. त्यांचा मूळ तवा प्रेसच्या वरच्या खिळ्याला टांगलेला आहे, आणि पंखा सुरू असला की मान हलवतो, पूर्ण फिरत नाही.

गेल्या वर्षी मासेमारीच्या पावसाळी बंदीच्या काळात, वेगळी चूल मांडलेल्या त्या गृहस्थांचा मुलगा कारखान्यात आला. बोलायला नम्र होता. त्यांचा प्रेस बंद पडला आहे, दोन हजार चमचे आम्ही पाडून द्यावेत, खूण ते मारतील, असे त्याने विचारले. मी त्याला चहा दिला, जाडी विचारली. तो म्हणाला, "काका, तुमचीच." मी दरपत्रक लिहून दिले : एक मिलिमीटर, शेपटीला सात ठोके, डोक्याला चार, निम्मी रक्कम आगाऊ, आणि खूण मासा सोडून कोणतीही. त्याची प्रत प्रेसच्या बाजूच्या खांबाला टाचलेली आहे. आगाऊ रक्कम अद्याप आलेली नाही.