हौशी शर्यतींचे फोटो स्पर्धकांना विकताना: नंबर, किंमत आणि हिशेब

हौशी शर्यतीतला स्पर्धक फोटो विकत घेतो तो स्वतःचा. फोटो किती देखणा आहे हे नंतर. आधी तो बघतो की यात मी आहे का, गाडी पूर्ण दिसते का, नंबर वाचता येतो का. त्यामुळे मी फोटोगणिक विचार करणं सोडून दिलं आणि सगळं काम गाडीच्या नंबरावर बांधलं. फोटो काढायचे नंबर धरून, लावायचे नंबर धरून, आणि किंमतही नंबराची. कार्टिंग, ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या वाटेवर वेळ लावून धावणाऱ्या गाड्या), मोटोक्रॉस (कच्च्या ट्रॅकवरच्या मोटारसायकली), हौशी रॅली, सगळीकडे हीच पद्धत थोड्याफार फरकाने चालते.

आयोजकांकडून आधी तीन गोष्टी घेतो: लेखी परवानगी, प्रवेशयादी आणि वेळापत्रक. परवानगीत 'स्पर्धकांना फोटो विकण्यास मुभा' हे शब्द असलेच पाहिजेत. नुसतं 'फोटो काढायला हरकत नाही' एवढ्यावर विसंबलं, तर त्या दिवशी विक्रीचा हक्क दुसऱ्याच कोणाला दिलेला निघू शकतो, आणि मग सगळी मेहनत कार्डात पडून राहते. कुठे उभं राहायचं, मार्शलांनी (ट्रॅकवरच्या सुरक्षा स्वयंसेवकांनी) हात केला तर कुठे सरकायचं, जॅकेट कोणतं, विमा आणि जबाबदारीचा फॉर्म कोणाचा, हेही तिथेच मिटवून टाकतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, गाडी सुटली तर जिथे येणार तिथे, परवानगी असली तरी उभा राहत नाही.

प्रवेशयादीत नंबर, वर्ग, नाव आणि गाडीचं मॉडेल मिळतं. तिला दोन रकाने मी जोडतो: गाडीचा रंग आणि हेल्मेटचा रंग. ते भरायची वेळ म्हणजे गाड्यांची तपासणी चालू असताना. पॅडॉकमधून (गाड्या उभ्या करायच्या जागेतून) एक फेरी मारायची, प्रत्येक उभ्या गाडीचा नंबरासकट एक फोटो घ्यायचा, आणि जमलं तर बॉनेटवर ठेवलेल्या हेल्मेटचाही. हे नोंदीचे फोटो विकायचे नसतात. पण रात्री चिखलाने माखलेली, नंबर पुसला गेलेली निळी गाडी समोर आली की हेच कामी येतात. एकाच रंगाच्या तीन हॅचबॅक असतील तर फरक पुढच्या बंपरच्या स्टिकरवरून किंवा चाकांच्या रिमवरून कळतो, तोही इथेच टिपून ठेवायचा.

कॅमेऱ्याचं घड्याळ वेळ मोजणाऱ्यांच्या घड्याळाशी जुळवतो. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी वेळ मोजणाऱ्यांच्या स्क्रीनचा, सेकंदांसकट, एकेक फोटो काढायचा. घड्याळात फरक राहिलाच तर तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइलींना एकदम लावता येतो. नंबर दिसत नसेल तेव्हा फोटोची वेळ आणि लॅपच्या वेळांचा तक्ता शेजारी ठेवला की गाडी सापडते. एक एक करून गाड्या सोडतात अशा शर्यतींत तर हे फारच सोपं पडतं.

फोटो काढताना ध्येय एकच: प्रत्येक नंबराचे किमान आठ वापरण्याजोगे फोटो, तेही तीन वेगळ्या जागांवरून. एकाच वळणावरचे आठ फोटो म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एकच फोटो. पहिल्या प्रॅक्टिसमध्येच सगळ्यांचा एक सुरक्षित फोटो पदरात पाडून घेतो, कारण दुपारपर्यंत काही गाड्या बंद पडलेल्या असतात, आणि लवकर बाहेर पडलेल्या स्पर्धकालाही आठवण हवी असते. छापलेली यादी खिशात ठेवून नंबरांवर खुणा करत जातो. पुढे धावणाऱ्या दोनचार गाड्यांमागे सगळेच कॅमेरे लागतात. मधल्या आणि शेवटच्या गाड्यांचे फोटो कोणाकडेच नसतात, आणि माझी विक्री बरीचशी तिथूनच येते.

शटरचं गणित असं. मोटोक्रॉसची उडी असेल तर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. सपाट ट्रॅकवरची गाडी १/१००० ला टिपली तर ती पार्क केल्यासारखी दिसते आणि असा फोटो कोणी घेत नाही. चाकं फिरताना दिसायला हवीत. सुरुवात १/२५० ने, सगळे नंबर हाती लागले की १/१२५, आणि वेळ उरला तर १/६०. १/६० ला बरेच फोटो वाया जातात, म्हणून तो प्रयोग आधी करायचा नाही. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० वर १/१२५ घेतलं तर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) जवळपास एफ/१४ पर्यंत बंद करावं लागतं, आणि मग सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आकाशात दिसू लागतात. ते शेकडो फोटोंतून पुसत बसण्यापेक्षा पोलरायझर (चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) लावावा. दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड कमी होतो, अॅपर्चर एफ/८ च्या आसपास येतं, आणि काचेवरचं प्रतिबिंब कमी होऊन आतला चालक दिसतो. चालक दिसला की फोटो खपतो. फक्त टफन्ड काचेवर आणि काही व्हायझरवर पोलरायझरमुळे इंद्रधनुषी डाग उमटतात, ते स्क्रीनवर मोठं करून तपासायचं. आणि सेन्सर फार वेगवान नसेल तर पॅनिंगला (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना) इलेक्ट्रॉनिक शटर नको: चाकं लंबगोल होतात, मागचे खांब तिरके होतात.

साठ गाड्यांच्या दिवसात अडीच-तीन हजार फ्रेम सहज होतात. विक्रीच्या ऑनलाइन गॅलरीत जातात सहाशे-सातशे. छाटणीचा नियम कडक ठेवलाय: हेल्मेट किंवा नंबर धारदार नसेल तर फोटो बाद, गाडीचं नाक किंवा शेपूट कापलं गेलं तर बाद, सलग फ्रेममधली एकच ठेवायची. पाच जवळजवळ सारखे फोटो समोर ठेवले की माणूस 'सवडीने निवडू' म्हणून खिडकी बंद करतो आणि परत येत नाही.

खरा वेळ खातं ते नंबर लावणं. फोटो मेकॅनिक या फोटो छाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड रिप्लेसमेंट म्हणून सोय आहे: टॅबने विभागलेली साधी टेक्स्ट फाइल करायची, पहिल्या रकान्यात नंबर, पुढे वर्ग, गाडी वगैरे. मग कॅप्शनमध्ये नंबर टाइप केला की बाकीचं आपोआप भरलं जातं. नंबर आपोआप ओळखणारी सॉफ्टवेअरही आहेत. मी ती पहिल्या चाळणीला वापरतो, पण निकालावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. ६ आणि ९, १ आणि ७, तिरका लावलेला नंबर, दारावर चिखल, या ठिकाणी ती हमखास घसरतात. सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच गाडीतून दोघे धावतात तेव्हा. गाडी तीच, दुसऱ्याच्या वेळी १४ च्या आधी १ चिकटवून ११४ केलेला, आणि तो १ कधी वाऱ्याने उडून गेलेला. अशा वेळी हेल्मेटचा रंग आणि धावण्याचा क्रम या दोनच गोष्टींवर भिस्त. प्रत्येक नंबराचे फोटो शेवटी एकत्र लहान आकारात लावून बघतो. त्यात चुकीची गाडी असेल तर ती वेगळ्या रंगाने लगेच उठून दिसते. नंबर सापडलाच नाही असे फोटो टाकून न देता 'नंबर न दिसणारे' असा वेगळा विभाग करतो. लोक आपली गाडी चिखलातूनही ओळखतात.

आता किंमत. एका फोटोच्या पूर्ण आकाराच्या फाइलची किंमत १ धरू. त्या नंबराचे सगळे फोटो हवे असतील तर ३. म्हणजे तीन फोटो आवडले की चौथा फुकट, आणि निवडत बसायचं कारणच उरत नाही. शर्यतीआधी नोंदवून पैसे भरले तर सगळा संच २ ला, कारण तो गिऱ्हाईक पक्का असतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवून चार फोटो जास्त काढता येतात. एवढेच तीन दर. वेब आकार वेगळा, छोटा प्रिंट वेगळा, पाचाच्या पुढे सवलत असा लांबलचक तक्ता दिला की प्रश्नच जास्त येतात, ऑर्डर कमी.

१ म्हणजे किती, हे दुसऱ्यांचे दर बघून ठरवू नये. समजा साठ स्पर्धक आहेत आणि त्यातले पंधरा घेतील असं धरलं. दहांनी संच घेतला तर ३०, पाचांनी एकेक फोटो घेतला तर ५, एकूण ३५. आता दिवसाचा खर्च मांडायचा: प्रवास, मुक्काम, गॅलरीचं भाडं, कॅमेऱ्याच्या शटरची आणि लेन्सची झीज, विमा, पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा कट, आणि ट्रॅकवरच्या दहा तासांबरोबर संगणकापुढच्या सहा तासांची मजुरी. या बेरजेला ३५ ने भागलं की एका फोटोची किमान किंमत मिळते. मजुरी न धरता काढलेला दर हा दर नव्हे, स्वतःच्या खिशातून दिलेली वर्गणी आहे. मग उलट बाजूने पडताळा घ्यायचा: संचाची किंमत शर्यतीच्या प्रवेश शुल्काच्या पाव भागाच्या वर जात असेल तर ती जड पडेल असं मी धरतो. हिशेब तिथे बसत नसेल तर दर वाढवण्याऐवजी ती शर्यत सोडलेली बरी, किंवा पुढचा मार्ग घ्यावा.

तो मार्ग म्हणजे आयोजकांशीच ठोक करार. प्रत्येक प्रवेश शुल्कात ०.७५ (एका फोटोच्या किमतीच्या पाऊण पट) एवढी रक्कम फोटोंची धरायची आणि सगळ्यांना सगळे फोटो द्यायचे. ६० गुणिले ०.७५ म्हणजे ४५, वरच्या ३५ पेक्षा जास्त, आणि प्रत्येक स्पर्धकाला संच चौथ्या हिश्शात पडतो. वॉटरमार्क (नमुन्याच्या फोटोवर उमटवलेलं नाव) नाही, वसुली नाही, फाइली पाठवण्याची कटकट नाही. मात्र करारात किमान संख्या लिहून घ्यावी, नाहीतर पावसामुळे पस्तीसच जण आले की ४५ चे २६ होतात. जमेल तिथे मी हाच करार करतो.

फार स्वस्त विकण्यात एक छुपा तोटा आहे. पैसे स्वीकारणाऱ्या काही सेवा टक्केवारीबरोबर दर व्यवहाराला ठरावीक रक्कमही कापतात. किंमत जितकी लहान तितका तो ठरावीक तुकडा मोठा. शिवाय पुढच्या वेळी दर वाढवला की 'मागे तर एवढ्यात दिले होते' हे ठरलेलं.

गॅलरी शर्यत संपल्यावर शक्यतो त्याच रात्री, फार तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उघडायची. उत्साह दोन दिवसांत ओसरतो. आठवड्याने टाकलेली गॅलरी म्हणजे वरातीमागून घोडं. वेळ नसेल तर प्रत्येक नंबराचे तीन फोटो आधी चढवतो, बाकीचे मागून. गॅलरीचा क्यूआर कोड छापलेली चिठ्ठी सकाळीच पॅडॉकमध्ये वाटायची, आणि चालकांच्या सकाळच्या बैठकीत आयोजकांना एक वाक्य बोलायला सांगायचं. दर संपूर्ण लिहिलेला हवा. 'दरासाठी संपर्क करा' वाचून बहुतेक जण संपर्क करत नाहीत.

नमुन्याचे फोटो लांब बाजूला १००० पिक्सेल, वॉटरमार्क गाडीच्या अंगावरून आडवा, फिकट. कोपऱ्यातला वॉटरमार्क क्रॉप करून जातो. वॉटरमार्क पुसणारी साधनं आता सहज मिळतात, म्हणून स्क्रीनशॉटच्या मागे धावत नाही. तो वॉटरमार्कसकट कुठे लावलेला दिसला तर तीच जाहिरात समजतो.

विकलेली फाइल एसआरजीबी (स्क्रीनवर सर्रास चालणारी रंगपद्धत) जेपीईजी, पूर्ण आकारात. झिप फाइल मोबाइलवर उघडता न आल्याच्या तक्रारी येतात, म्हणून फोल्डरची लिंक देतो आणि ती किती दिवस चालेल ते लिहितो. व्हॉट्सअॅपवर पाठवायची वेळ आली तर 'डॉक्युमेंट' म्हणून, नाहीतर फाइल दाबली जाते आणि 'फोटो धूसर आहे' असा निरोप येतो. प्रिंट मागणीप्रमाणेच. बऱ्याच कॅमेऱ्यांची चौकट ३:२ ची असते, त्यामुळे १२×८ इंच प्रिंट नीट बसतो (इंचाला ३०० पिक्सेल धरून ३६००×२४०० पिक्सेल), पण १०×८ मागितला की दोन्ही बाजू कापल्या जातात. म्हणून फ्रेम करताना गाडीच्या पुढेमागे जागा सोडलेली बरी.

बिलावर हक्काची एक ओळ असते: स्वतःसाठी छापणं आणि सोशल मीडियावर लावणं चालेल, जाहिरातीसाठी किंवा प्रायोजकाला देण्यासाठी वेगळा परवाना. प्रायोजकाला हवा असेल तर वापर कुठे आणि किती काळ ते विचारून दर ठरवतो. तो संचाच्या कितीतरी पट असतो. लहान मुलांच्या कार्टिंगमध्ये गॅलरीत नावं टाकत नाही, फक्त नंबर, आणि पालकांना पासवर्ड. अपघाताचे फोटो उघड्या गॅलरीत कधीच नाहीत. चालक सुखरूप असेल तर दोन दिवसांनी त्यालाच खाजगीत विचारतो. बऱ्याचदा त्याला तेच फोटो सगळ्यात आधी हवे असतात, आणि विम्याच्या किंवा दुरुस्तीच्या कामासाठी मागितले तर ते मी बिनपैशाने देतो.