विहिरींचा नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव

भूजलाचा अभ्यास संपला की तयार झालेला नकाशा गावासमोर मांडायचा, हा आमच्या कामातला नेहमीचा रिवाज आहे. प्रकल्पाच्या आराखड्यात त्यासाठी एक दिवस राखून ठेवलेला असतो, अहवालात त्या दिवसाचे छायाचित्र लागते आणि ‘लोकसहभाग’ या मथळ्याखाली चार ओळी लिहिल्या जातात. ज्या सभेविषयी मी येथे लिहिते आहे, त्या सभेत गावाने नकाशा बारकाईने पाहिला, त्यावर टळटळीत दुपारपर्यंत चर्चा केली आणि आहे त्या स्वरूपात तो प्रसिद्ध करण्यास हरकत घेतली. गावाचे, तालुक्याचे आणि माणसांचे नाव मी देत नाही, कारण ते कोठेही न देण्याचे त्याच सभेत ठरले.

गाव दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग याच खडकाने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरून थंड होत गेले. प्रवाहाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला, तर आतला भाग घट्ट झाला. विहिरीला पाणी लागते ते मुख्यतः वरच्या मुरमात, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र थरात आणि काळ्या खडकातील भेगांमध्ये. अशा थराच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के एवढेच पाणी उपशाने हाती येते. २ टक्के धरले, तर एक हेक्टर क्षेत्राखालची पाणीपातळी पूर्ण एक मीटर उतरेपर्यंत केवळ २ लाख लिटर पाणी मिळते. त्यामुळे चांगला पाऊस झाला की येथील विहिरी झपाट्याने तुडुंब होतात आणि उपसा सुरू झाला की तितक्याच झपाट्याने तळ गाठतात. भरलेली विहीर पाहून रब्बीचे क्षेत्र वाढवणाऱ्याची फसगत होते ती याच कारणाने.

हा नकाशा आम्ही एकट्याने केलेला नव्हता. पाणीपातळी मोजण्याचे काम गावातले तरुण आणि बचत गटातल्या स्त्रिया करीत असत. पंप बंद असल्याची खात्री करायची, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून टेप सोडायचा, खोली वहीत लिहायची आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहायची, असा तो क्रम होता. भूस्तरांचा छेद काढताना तर आमच्या उपकरणांइतकाच विहिरी खोदलेल्या वयस्कर माणसांच्या आठवणींचा उपयोग झाला. कोणत्या विहिरीत किती खोलीपर्यंत पहारीने भागले आणि कोठून सुरुंग लावावा लागला, एवढेच आम्ही विचारीत असू. उत्तर परसांत, म्हणजे पुरुषभर खोलीच्या जुन्या मापात यायचे, ते आम्ही मीटरमध्ये लिहून घ्यायचो. सुरुंग जेथे सुरू झाला तो घट्ट बेसाल्टचा माथा, त्याखाली पहार पुन्हा चालू लागली तर पुढच्या प्रवाहाचा सच्छिद्र भाग आणि अधेमधे तांबड्या मातीचा पट्टा लागला असेल तर बहुधा दोन प्रवाहांमधली सीमा. केव्हाच बुजवलेल्या एका विहिरीतला तांबडा पट्टा कितव्या परसावर होता, हे ती खोदणाऱ्या गृहस्थांनी क्षणभरही न थांबता सांगितले. जवळच्या विहिरीत उतरून पाहिले, तर तो जवळपास त्याच पातळीवर सापडला. जमिनीत वीजप्रवाह सोडून केलेल्या विद्युत रोधकतेच्या सर्वेक्षणातून थरांची जाडी अंदाजाने कळते, पण तो अंदाज पडताळून पाहण्यासाठी सुरुंगाच्या आठवणीइतका स्वस्त आणि खात्रीचा आधार मला तरी दुसरा मिळालेला नाही.

सभा समाजमंदिरात होती. फ्लेक्सवर छापलेला मोठा नकाशा जमिनीवर अंथरला, तेव्हा सुरुवातीला जो तो त्यावर वाकून आपापली विहीर शोधू लागला. ओढ्याच्या कडेने जाणारा निळा पट्टा म्हणजे जाड सच्छिद्र थराचा भाग, जेथे उन्हाळ्यातही पाणी टिकते. माथ्याकडचा नारिंगी भाग म्हणजे पुनर्भरणाचे क्षेत्र, जेथून पावसाचे पाणी मुरून खालच्या थराला मिळते. प्रत्येक विहिरीशेजारी तिचा क्रमांक, खोली आणि पंपिंग टेस्टवरून, म्हणजे पंप चालवून पातळी कशी उतरते व पुन्हा कशी भरते ते मोजून काढलेली क्षमता लिहिलेली होती. मी हे सर्व समजावून सांगत असताना माथ्याकडे थोडी जमीन असलेल्या एका बाईंनी निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारले, “मॅडम, हे कागद बाहेर गेल्यावर कोणालाही बघता येणार का?” येणार, असे मी म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, “मग बोअरच्या गाडीला वाट विचारायची गरज उरली नाही.”

त्यांच्या बोलण्यातला मुद्दा सगळ्यांना कळला. जमीन ज्याची, त्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क त्याचा, ही धारणा १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली आहे. ‘महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९’ने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना बंधन घातले, हेही सभेतल्या काहींना ठाऊक होते, मात्र गाडी रात्रीतून येते आणि सकाळपर्यंत बोअर पाडून निघूनही जाते, तेव्हा मोजायला कोण जाणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. निळ्या पट्ट्यात बाहेरच्या कोणी जमीन घेतली, तेथे बोअर पाडली आणि त्या पाण्याने अस्तर घातलेले शेततळे भरून ठेवले, तर आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरणार हे आमच्याच पंपिंग टेस्टमधून दिसत होते. म्हणजे नुकसान कसे होईल याचा पुरावा आम्हीच दिला होता आणि ते नेमके कोठे करता येईल याचा पत्ताही आम्हीच देणार होतो.

एका तरुणाने वेगळी बाजू मांडली. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यावर स्वतःच बंदी घातली आहे, पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून तेथे पिके ठरवली जातात. मग आपणही नकाशा खुला ठेवावा आणि बंदी घालावी, लपवाछपवी कशाला, असे त्याचे म्हणणे होते. त्याला उत्तर एका निवृत्त शिक्षकांनी दिले. तिथे नियम आधी झाले आणि ते अंगवळणी पडायला बरीच वर्षे जावी लागली. आपल्याकडे अजून एकही नियम झालेला नाही आणि नकाशा मात्र तयार आहे, असे ते म्हणाले. माझ्या दृष्टीने त्या दिवसातले हे सर्वांत मोलाचे वाक्य होते. एखादी माहिती खुली झाली की ती सर्वांना सारखीच उपयोगी पडते, असे आम्ही संशोधक गृहीत धरतो. प्रत्यक्षात ज्याच्याकडे पैसा आणि यंत्र तयार आहे त्याला ती आधी उपयोगी पडते आणि नियम करण्यासाठी ज्यांना चार बैठका घ्याव्या लागतात, ते मागे राहतात.

आमची अडचणही खरी होती. सार्वजनिक निधीतून गोळा केलेली आकडेवारी खुली असावी, असा दंडक आता सर्वमान्य होत चालला आहे. २०१६ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘फेअर’ तत्त्वांनुसार ती इतरांना शोधता, मिळवता, जुळवता आणि पुन्हा वापरता आली पाहिजे, आणि अनेक नियतकालिके त्याशिवाय लेख स्वीकारत नाहीत. यामागचा हेतू चांगला आहे. माझा निष्कर्ष चुकला असेल, तर तो दुसऱ्याला तपासता यायला हवा. माझ्या सहकाऱ्याने सभेत हेच सांगितले आणि ते लोकांना पटलेही. मात्र २०१९ मध्ये आदिम समुदायांच्या माहितीसंदर्भात ‘केअर’ या नावाने जी तत्त्वे पुढे आली, त्यांत माहितीवरचे नियंत्रण आणि सामूहिक लाभ हे प्रश्न आधी विचारले आहेत. हे गाव त्या व्याख्येत बसत नाही, तरीही तिथे ऐकलेला प्रश्न तोच होता.

‘गावाने हरकत घेतली’ असे मी वर लिहिले आहे, पण गाव काही एकमुखी नव्हते. ज्यांच्या विहिरी ओढ्याकाठी आहेत आणि ज्यांनी विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारून पाणी वाढवले आहे, त्यांतल्या काहींना नकाशा बाहेर जाऊ नये असे वाटत होते, तसा तो गावातही फिरू नये असेच वाटत होते, कारण कोणाचा उपसा कोणाच्या विहिरीवर बेततो हे त्यात स्पष्ट दिसत होते. माथ्याकडच्या लोकांची इच्छा नेमकी उलट होती. पाणी मुरते ते आमच्या शेतात आणि गायरानात, लाभ होतो तो खाली. तेव्हा नारिंगी भाग तरी ठळक छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, म्हणजे बांधबंदिस्तीचा पैसा आधी कोठे खर्च करायचा याचा वाद मिटेल, असे त्यांचे म्हणणे होते. आवाज चढले आणि बोलणे जुन्या भांडणांपर्यंतही गेले. या वादात मध्यस्थी करण्याचा मोह मी टाळला; तसे शिक्षण मला मिळालेले नाही, आणि तांत्रिक माणसाने भाऊबंदकीत पडू नये असे माझे प्रामाणिक मत आहे. मला विचारले गेले तेव्हा मात्र सामायिक संसाधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात अभ्यासलेल्या दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजल खोऱ्याचे उदाहरण मी दिले. तिथे कोण किती पाणी उपसतो याची नोंद एक तटस्थ अधिकारी ठेवत असे आणि तिचा वार्षिक अहवाल सर्व वापरकर्त्यांना मिळत असे. शेजाऱ्याचा आकडा समोर दिसत असल्याने स्वतःच्या उपशाला आवर घालणे प्रत्येकाला सोपे गेले. म्हणजे आपसांत खुलेपणा आणि बाहेरच्यांसाठी मर्यादा, असे दोन वेगळे निर्णय घेता येतात, एवढेच मी सुचवले.

यानंतर जे घडले त्याची मी अपेक्षा केली नव्हती. आम्ही पाण्याचे नमुनेही तपासले होते आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीच्या एका बाजूला उकिरडे आणि दुसऱ्या बाजूला बारमाही ओलिताचे, भरपूर खत पडणारे शेत असल्याने कारण शोधावे लागले नाही. विहिरींच्या क्षमतेचे आकडे गोपनीय ठेवण्याकडे सभेचा कल झाला आहे हे पाहून कोणीतरी सुचवले की मग हाही आकडा आपल्यातच ठेवू या, उगाच गावाचे नाव खराब होईल. दोनचार जणांनी लगेच माना डोलावल्या.

याला मी स्पष्ट नकार दिला. पाणी कोठे आहे हे सांगायचे की नाही, हा गावाचा अधिकार मला मान्य आहे. पाणी पिण्यायोग्य नाही ही गोष्ट मात्र ते पिणाऱ्या कोणापासूनही दडवता येणार नाही, मग तो मजुरीसाठी चार महिने आलेला असो की सासरी गेलेली आणि बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी असो. नायट्रेटचा धोका सर्वाधिक असतो तो सहा महिन्यांच्या आतील बाळांना, ज्यांचे वरचे दूध या पाण्यात तयार केले जाते. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे घटते. पाणी उकळून घेऊ, असे एकाने म्हटले, तेव्हा उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, हे मला सांगावे लागले. अंगणवाडीताईंनी तेथल्या तेथे सांगितले की फलक लागो न लागो, त्या स्वतः घरोघरी जाऊन हे सांगणार आहेत. सरपंचबाईंनी मग हा विषय मताला न टाकता थेट निर्णय दिला, आणि माझ्या मते त्यांनी योग्यच केले.

ठराव ग्रामसेवकांनी जागीच लिहिला. पुनर्भरण क्षेत्राचा नकाशा ग्रामपंचायतीत लावायचा आणि पाण्याच्या गुणवत्तेचे निकाल विहिरीवरच फलकावर लिहायचे, यावर एकमत झाले. विहीरनिहाय क्षमता आणि पातळीच्या नोंदी गावातल्या कोणालाही पंचायतीत येऊन पाहता येतील, पण त्यांचे छायाचित्र काढता येणार नाही; ही अट पाळली जाईल यावर माझा फारसा विश्वास नाही, हे मी तेव्हाही बोलले. आमच्या लेखात विहिरींचे नेमके अक्षांश-रेखांश न देता नकाशावर चौकटी आखून आकडे चौकटीनिहाय सरासरीने द्यायचे, आणि मूळ नोंदी कोणा अभ्यासकाला हव्या असल्यास त्याने ग्रामसभेकडे अर्ज करायचा, हेही त्यात आले. मूळ वह्या गावाकडे राहतील आणि आमच्याकडे प्रत असेल. निळ्या पट्ट्यात नवीन बोअर घेण्याबाबतचा नियम पुढच्या सभेवर ढकलला गेला.

या तडजोडीने शास्त्राचे नुकसान झाले, हे मान्य करायला हवे. बेसाल्टमध्ये शंभर मीटर अंतरावरच्या दोन विहिरींचा स्वभावही वेगळा असू शकतो. चौकटीची सरासरी काढताना नेमका तोच फरक पुसला जातो, आणि आमच्या लेखातला सर्वांत रंजक भाग त्यामुळे निम्मा दुबळा झाला. नियतकालिकाच्या एका समीक्षकाने त्यावर बोट ठेवलेच. आम्ही ठरावाचा मजकूर लेखाला परिशिष्ट म्हणून जोडला आणि मूळ नोंदी कशा मिळवता येतील ते लिहिले. संपादकांनी काही काळ विचार करून ते स्वीकारले. प्रकल्पाच्या नव्या आराखड्यांत आता नकाशा रंगवण्याआधीच, कोणती माहिती कोणाला दिसेल याची बैठक घेण्याची तरतूद मी करते, आणि निधी देणाऱ्या संस्था दरवेळी तिच्यासाठी वेगळा वेळ कशाला हवा, असे विचारतात.

गावाचा बोअरविषयीचा नियम पुढच्या सभेत झाला नाही, त्याच्या पुढच्या सभेत झाला, आणि तोही ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांनी आधीच्या बोअर वगळून घेतल्यावर. पिण्याच्या पाण्यासाठी दुसरा उद्भव शोधण्याचे काम सुरू आहे. उकिरडे हलले, खतांचे प्रमाण फारसे बदललेले नाही. एका विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थ्याने अलीकडे मूळ नोंदी मागितल्या आहेत. त्याचा अर्ज ग्रामसभेने वाचला असून, नोंदींचे काय करणार हे त्याने स्वतः येऊन सांगावे, असे त्याला कळवले आहे.