एल्वाच्या काठी: धरण गेलं, रेव आली

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली एल्वा नदी बघायला जाणाऱ्यांनी पाडलेल्या धरणाच्या जागेपासून नव्हे, तिच्या मुखापासून सुरुवात करावी. आम्ही ऑक्टोबरात सिअ‍ॅटलहून पहाटेच्या फेरीबोटीने निघालो, पोर्ट एंजेलिस ओलांडलं आणि प्लेस रोडच्या टोकाला गाडी लावून बांधावरून चालत किनाऱ्यावर उतरलो. वेळ ओहोटीचीच निवडा. जिथे पूर्वी नुसते मोठमोठे गोटे होते, तिथे आता लांबवर वाळू आहे. ही वाळू शंभर वर्षं वर धरणांमागे अडकून पडली होती.

खालचं एल्वा धरण 1913 चं, वरचं ग्लाइन्स कॅन्यन 1927 चं, 64 मीटर उंच. दोन्हींना माशांसाठी वाट ठेवलेली नव्हती. समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा सॅमन मासा मुखापासून आठेक किलोमीटरवर भिंतीला धडकायचा आणि इथल्या मूळ रहिवासी लोअर एल्वा क्लाल्लम लोकांच्या ताटातला मासा तिथेच संपायचा.

आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, त्यामुळे वाट मोकळी झाली की काम झालं, असंच मी समजत होतो. पण सॅमनला नुसतं पाणी पुरत नाही, रेव लागते. मादी शेपटीने रेवेत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा रेव लोटते. दगडांच्या फटींतून वाहत्या पाण्याने अंड्यांना प्राणवायू मिळतो. धरणांमागे सुमारे 2.1 कोटी घनमीटर गाळ साचला होता. खाली नवी रेव येईना, जुनी वाहून गेली आणि तळाशी मादीला हलवता न येणारे गोटे उरले.

2011 ते 2014 मध्ये धरणं टप्प्याटप्प्याने पाडली, माशांच्या हंगामात काम थांबवून. तरी सुरुवातीची वर्षं कठीणच गेली. नदी गढूळ झाली, आणि बारीक गाळ फटी बुजवून अंडी गुदमरवतो. तो हळूहळू समुद्राकडे गेला, मागे रेव थांबली. 2023 मध्ये क्लाल्लम लोकांनी पुन्हा कोहो जातीचा सॅमन धरला. हे वाचलं होतं, तरी तिथे उभं राहिल्यावर गळा दाटून आला.

वरच्या धरणाकडे जाणारा रस्ता पुरात तुटलाय. मॅडिसन फॉल्सपाशी गाडी ठेवून पुढे पायी किंवा सायकलने जावं लागतं. निघण्याआधी ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती पाहाच. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा. उरलेल्या भिंतीवरून खाली पाहिलं की तळ्याच्या जागी कोवळं रान आणि मधून वाहणारी नदी दिसते.

पहिल्या दिवशी रात्रीच्या पावसाने पाणी गढुळलं होतं, मासा दिसलाच नाही. म्हणून मुक्काम दोन दिवसांचा ठेवा, आणि पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा न्या. तळाशी आजूबाजूपेक्षा फिकट, धुतल्यासारखा रेवेचा पट्टा दिसला तर पाण्यात पाऊल घालू नका, मुलांनाही सोडू नका. खाली अंडी असतात. दुसऱ्या दिवशी अशाच एका पट्ट्यावर चिनूक जातीच्या सॅमनची मादी दिसली, शेपूट झिजून पांढरी पडलेली. तासभर आम्ही कोणीच काही बोललो नाही.